शंख, किडा, मासा: नैसर्गिक नमुन्यांचा थ्रीडी फोटो कसा काढतात आणि तो कधी उपयोगाचा ठरतो?

आकुर्डीहून रावेतकडे जाताना सेक्टर २९ मध्ये एक सरकारी कार्यालय लागतं. मी त्या रस्त्यानं बाइकवरून कितीतरी वेळा गेलोय, पण पाटी नीट वाचली ती फार उशिरा. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, या संस्थेचं हे पश्चिम विभागीय केंद्र. पुण्यात ते १९५९ मध्ये सुरू झालं. अशा केंद्रात बाटल्यांमध्ये अल्कोहोलात ठेवलेले मासे, खेकडे, बेडूक असतात आणि पेट्यांमध्ये टाचण्यांवर लावलेले किडे असतात. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या रंगीत खेकड्यांचा ‘घाटियाना’ हा नवा गट २०१४ मध्ये जगासमोर आला, तो इथल्याच शास्त्रज्ञांच्या कामातून.

प्रत्येक नव्या प्रजातीच्या नावामागे एक खराखुरा नमुना असतो. इंग्रजीत त्याला टाइप स्पेसिमेन म्हणतात, आपण मूळ नमुना म्हणू. ‘हे नाव नेमकं कोणत्या प्राण्याचं?’ असा वाद झाला की शेवटी तो नमुना बाहेर काढून बघायचा असतो. आणि तो नमुनाच नसला तर?

याचं उदाहरण आपल्याच नदीत आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या माशांची वर्णनं लिहिली आणि ती १८३९ मध्ये छापून आली. त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावं शास्त्रीय नावांत तशीच बसवली: खुद्री, कोळस, मसुल्ला. खुद्री म्हणजे आज आपण ज्याला दख्खनी महसीर म्हणतो तो मासा, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. तो पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला, असं साइक्सनं लिहून ठेवलंय. पण त्याचा मूळ नमुना आज कोणत्याही संग्रहात असल्याची नोंद नाही. उरलंय ते वर्णन. मसुल्लाच्या बाबतीत तर मोठाच घोळ झाला. कावेरीत कुबड असलेला एक प्रचंड महसीर आहे, त्यालाही बरीच वर्षं काही जण हेच नाव लावत होते. तो मासा वेगळा, त्याचं खरं नाव टॉर रेमादेवी, हे २०१८ मध्ये ठरलं. तोपर्यंत तो नष्ट होण्याच्या काठावर पोचला होता. वाचवायचा मासा नेमका कोणता, हेच ठरत नसेल तर त्याला वाचवणार कसं?

योगायोग बघा, १८३९ हेच फोटोग्राफी जगासमोर आली ते वर्ष. साइक्सच्या हातात कॅमेरा असणं शक्यच नव्हतं. तुमच्या खिशात आहे.

थ्रीडी फोटो म्हणजे नक्की काय

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. जमत नाही, कारण खोली कळायला दोन डोळे लागतात. दोन्ही डोळ्यांना दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. चार्ल्स व्हीटस्टन यानं १८३८ मध्ये हेच दाखवणारं स्टिरिओस्कोप नावाचं उपकरण मांडलं. जत्रेत दोन भिंगांच्या डब्यातून ताजमहाल ‘उठून’ दिसायचा, तो त्याच जातीचा खेळ.

त्यापुढची पायरी म्हणजे फोटोवरून मोजमाप काढणं, फोटोग्रामेट्री. आल्ब्रेख्त मायडेनबाऊअर नावाचा जर्मन अभियंता १८५८ मध्ये वेट्झलारच्या चर्चचं मोजमाप घेत होता आणि वरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढण्यापेक्षा भिंतीचे फोटो काढून त्यावरूनच मापं घेता येतील का, हा विचार त्याच्या डोक्यात तिथून आला. साइटवर काम केलेल्या कुणालाही ही प्रेरणा पटेल.

आजचं सॉफ्टवेअर हेच करतं, फक्त दोन फोटोंऐवजी ऐंशी-शंभर फोटो घेऊन. आधी प्रत्येक फोटोत ते ओळखीच्या खुणा शोधतं: एखादा ठिपका, चरा, रंगाची कड. मग तीच खूण दुसऱ्या कोणत्या फोटोंत दिसतेय ते जुळवतं. पुरेशा खुणा जुळल्या की उलटं गणित करता येतं. प्रत्येक फोटो काढताना कॅमेरा कुठे होता आणि कुठे बघत होता हे कळतं, आणि ती खूण अवकाशात कुठे आहे हेही. हे दोन्ही एकदमच सुटतं, हीच त्यातली गंमत. नंतर लाखो बिंदूंचा ढग तयार होतो, बिंदू त्रिकोणांनी जोडून जाळी बनते आणि त्या जाळीवर मूळ फोटोंचा रंग चिकटवला जातो.

म्हणजे फोनमध्ये लायडार सेन्सर असायलाच हवा असं नाही. आयफोन १२ प्रोपासून काही फोनमध्ये तो आला, पण तो खोली किंवा सोफा मोजायला ठीक. मुठीएवढ्या शंखाचे बारकावे त्याला दिसत नाहीत. तिथे साधा कॅमेरा आणि तुमचा संयम जास्त कामाचा.

चाकणमध्ये हेच रोज चालतं

चाकण, भोसरी, तळवड्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. प्रेसमधून निघालेला पत्र्याचा भाग किंवा कास्टिंग स्कॅन करायचं, त्याचा थ्रीडी साचा कॅड ड्रॉइंगवर बसवायचा आणि कुठे किती फरक आहे ते लाल-निळ्या रंगात बघायचं. चकचकीत भाग स्कॅन होत नाही म्हणून त्यावर पांढरा स्प्रे मारतात.

शंख-किड्यांच्या बाबतीत गणित तेच आहे, दोन गोष्टी मात्र उलट आहेत. पहिली, इथे कॅड ड्रॉइंग नसतं. वस्तू बरोबर आली की नाही हे तपासायला तीच वस्तू असते, आणि उद्या ती नसेल म्हणून तर आपण हा उद्योग करतोय. दुसरी, नमुन्यावर स्प्रे मारायचा नाही. कधीच नाही. आपोआप उडून जाणारे स्प्रेही मिळतात, पण दुसऱ्याच्या संग्रहातल्या शंभर वर्षं जुन्या किड्यावर प्रयोग करण्याची ती जागा नव्हे. इथे चकाकी घालवायची ती प्रकाशाने: मऊ उजेड, किंवा दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना आडवे धरलेले पोलरायझिंग फिल्टर.

सुरुवात गोगलगायीच्या शंखापासून

पहिल्या प्रयोगासाठी माझी शिफारस एकच: आफ्रिकन मोठ्या गोगलगायीचा रिकामा शंख. पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत, कुंपणाच्या भिंतीवर या गोगलगायी ढिगानं दिसतात. मूळची ही इथली नाहीच. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या साहेबानं मॉरिशसहून आणून ती कोलकात्यात सोडली आणि पुढे ती पसरत गेली. पिकांना त्रास देणारा परका जीव असल्यामुळे रिकामा शंख उचलल्यानं निसर्गाचं काही बिघडत नाही. शिवाय तो स्कॅनिंगला आदर्श असतो: हलत नाही, फार चकाकत नाही, आणि तपकिरी पट्ट्यांमुळे सॉफ्टवेअरला खुणा भरपूर मिळतात. जिवंत गोगलगाय उघड्या हाताने धरू नका, तिच्यातून परजीवी पसरू शकतात. शंख साबणाने धुऊन वाळवा, हातही धुवा.

माझा पहिला प्रयत्न सपशेल फसला. शंख फिरत्या स्टुलावर ठेवला, फोन ट्रायपॉडवर लावला आणि स्टूल थोडं थोडं फिरवत ऐंशी फोटो काढले. मॉडेल आलं ते मागच्या फुलाफुलांच्या पडद्याचं! शंखाच्या जागी नुसता चिखल. कारण सोपं होतं. फिरत होता शंख, पडदा स्थिर होता. सॉफ्टवेअरला पडद्यावर जास्त खुणा मिळाल्या, आणि त्यांच्या हिशेबाने कॅमेरा जागचा हललेलाच नव्हता. तेव्हा एक तर वस्तू स्थिर ठेवून तुम्ही भोवती फिरा, नाहीतर वस्तू फिरवायची असेल तर मागे एकरंगी, काहीही न दिसणारी पार्श्वभूमी ठेवा. काळा कार्डपेपर पुरतो.

बाकी कृती अशी. ढगाळ दिवशी बाल्कनीत किंवा खिडकीपाशी बसा, थेट ऊन नको, फ्लॅश तर नकोच. शंख थोड्या खेळण्यातल्या क्लेवर उभा करा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो. डिजिटल झूम, पोर्ट्रेट मोड, फिल्टर सगळं बंद. अनेक फोन वस्तू जवळ आली की गुपचूप मुख्य लेन्सवरून अल्ट्रावाइडवर उडी मारतात, त्याला ऑटो मॅक्रो म्हणतात; तेही बंद करा. अर्धे फोटो एका लेन्सचे, अर्धे दुसरीचे झाले की मॉडेलमध्ये नसते खड्डे पडतात.

मग एक फेरी समोरून, एक वरून तिरकी, एक खालून तिरकी. सलग दोन फोटोंमध्ये साधारण सत्तर टक्के भाग सारखा दिसला पाहिजे. एका फेरीत पंचवीस-तीस फोटो पुरे. नंतर शंख उलटा करून परत तेवढंच, म्हणजे बुडाचा भागही येतो. फोटो चार एमबीचा धरला तर शंभर फोटोंचे चारशे एमबी झाले, वायफायवर असाल तरच क्लाउडच्या अॅपला द्या. रिअॅलिटीस्कॅन, पॉलीकॅम, किरी इंजिन ही अॅप्स फोटो त्यांच्या सर्व्हरवर पाठवून मॉडेल बनवून देतात. स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायचं तर मेशरूम आणि कोलमॅप फुकट आहेत. मेशरूमला एनव्हिडियाचं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि तरी तो लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजवतो.

आणखी एक सापळा आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की या गोगलगायीचं तोंड उजव्या बाजूला येतं. तिचा पीळ उजवा. डाव्या पिळाच्या प्रजातीही असतात आणि ओळख पटवताना पीळ फार महत्त्वाचा. आता सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढले आणि फोन ते आरशासारखे उलटे सेव्ह करत असेल, तर तयार मॉडेलही उलटं! दिसायला सुंदर आणि पूर्ण चूक.

पट्टी, रंग आणि चिठ्ठी

खरा मुद्दा इथे आहे. बहुतेक व्हिडिओ ट्यूटोरियल मॉडेल गोल फिरायला लागलं की संपतात. नमुन्याचं काम तिथून सुरू होतं.

नुसत्या फोटोंवरून सॉफ्टवेअरला आकार कळतो, माप कळत नाही. सहा सेंटिमीटरचा शंख आणि सहा मीटरचा शंख त्याला सारखेच. म्हणून वस्तूशेजारी पट्टी ठेवायची आणि नंतर मेशलॅब किंवा ब्लेंडरमध्ये त्या पट्टीवरून मॉडेल मापात आणायचं. यात ५० मिलिमीटरच्या जागी चुकून ५१ धरले तर सगळीच मापं दोन टक्क्यांनी चुकली, आणि दोन टक्क्यांच्या फरकावर प्रजाती वेगळ्या ठरवल्या जाऊ शकतात. यावर वर्कशॉपमधला जुना उपाय: दोन पट्ट्या ठेवा. एकीवरून माप लावा, दुसरी मॉडेलमध्ये मोजून बघा. जुळलं तर बरोबर. शेवटी शंखाची उंची खऱ्या व्हर्नियरने मोजा आणि तीही लिहून ठेवा.

रंगाचंही तसंच. खिडकीच्या उजेडात सगळं निळसर, घरातल्या बल्बखाली पिवळसर. रंगांचा छापील चार्ट असेल तर उत्तम, नसेल तर निदान पांढरा आणि करडा कागद एका फोटोत ठेवा, म्हणजे नंतर दुरुस्ती करता येते.

आणि चिठ्ठी. संग्रहालयातल्या प्रत्येक टाचणीवर किड्याच्या खाली इवलासा कागद असतो: कुठे मिळाला, कधी, कुणाला. ती चिठ्ठी हरवली की किडा शोभेची वस्तू होतो. थ्रीडी फाइलचंही तेच, उलट जास्तच, कारण फाइल व्हॉट्सअॅपवरून तीन जणांकडे गेली की नावही बदलतं. ‘शंख_फायनल_नवा_२’ या फाइलला शास्त्रात शून्य किंमत आहे. ठिकाण, तारीख, फोटो काढणारा, फोनचं मॉडेल, पट्टीचं माप, असल्यास नमुन्याचा नोंद क्रमांक, हे त्याच फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.

माझ्यापुढे दोन फाइली ठेवल्या, एक बटबटीत जाळीची पण पट्टी आणि चिठ्ठी असलेली, दुसरी चित्रपटासारखी झकास पण बिनमापाची, तर मी डोळे झाकून पहिली निवडीन. सध्या गॉशियन स्प्लॅटिंगची हवा आहे. २०२३ मध्ये आलेलं हे तंत्र जाळीऐवजी लाखो धूसर ठिपक्यांनी दृश्य उभं करतं. किड्याचे केस, पंखांची पारदर्शकता त्यात अप्रतिम दिसते. पण ठोस पृष्ठभाग नसल्यामुळे त्यावर मोजमाप घेणं अवघड. बघायला स्प्लॅट, मोजायला जाळी.

किडा आणि बाटलीतला मासा

मुंगीएवढ्या किड्याला फोन पुरत नाही. इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो: डोळा स्पष्ट तर पाय धूसर. यावर फोकस स्टॅकिंग करतात, म्हणजे कॅमेरा सूतसूत पुढे सरकवत बरेच फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक फोटो बनवायचा. आता असे एकेक फोटो सगळ्या दिशांनी हवेत. जर्मनीत डार्मस्टाटच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यासाठी डिस्क-थ्रीडी नावाचं यंत्र मांडलं. टाचणीवरचा किडा ते आपोआप फिरवतं आणि सुमारे ४०० दिशांनी टिपतं, प्रत्येक दिशेला फोकसचा पूर्ण गठ्ठा. एका किड्याचे हजारो फोटो. २०२१ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून स्कँट नावाचं असंच यंत्र आलं, त्याचे सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात आणि सॉफ्टवेअर खुलं आहे. स्टेपर मोटर, कंट्रोलर बोर्ड, थोडे छापील कंस. आपल्याकडच्या कोणत्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे सहज झेपेल. दरवर्षी लाइन फॉलोअर रोबोच का बनवायचा?

अल्कोहोलातला मासा मात्र बाहेरून फोटो काढून नीट येत नाही. काच आणि द्रव प्रकाश वाकवतात, शिवाय वर्षानुवर्षं बाटलीत राहून मूळ रंग उडालेला असतो. तिथे सीटी स्कॅन. अमेरिकेत १८ संस्थांनी मिळून २०१७ ते २०२३ मध्ये ओव्हर्ट हा प्रकल्प केला आणि १३ हजारांहून जास्त पृष्ठवंशी प्राण्यांचे नमुने स्कॅन केले. मासा न कापता त्याचा सांगाडा बघता येतो. ही मॉडेल्स मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. भारतातून ब्रिटिश काळात गेलेले कित्येक मूळ नमुने लंडनमध्ये आहेत. ते बघायचे तर आज व्हिसा आणि विमानाचं तिकीट लागतं. त्यांची मापात बसवलेली मॉडेल्स मिळाली तर आकुर्डीत बसलेल्या विद्यार्थ्याला केवढा फरक पडेल, विचार करा.

घाई का

२६ एप्रिल २०१६ च्या रात्री दिल्लीत मंडी हाउसजवळचं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय जळालं. १९७८ पासून जमवलेला संग्रह एका रात्रीत गेला. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलमध्ये रिओचं दोनशे वर्षं जुनं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तिथे काही वस्तूंचे स्कॅन आधीच झालेले होते, तेवढेच हाताशी राहिले. आणि तिथल्या म्युझिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, तुम्ही कधी इथे आला असाल तर तुमचे फोटो पाठवा. लोकांनी पाठवलेही. म्हणजे सहलीला आलेल्यांच्या कॅमेऱ्यातले फोटोही नोंद ठरले.

आग लागायलाच हवी असंही नाही, रस्ता रुंदीकरण पुरतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पॅन-अमेरिकन महामार्ग रुंद करताना देवमाशांचे चाळीसहून अधिक जीवाश्म निघाले. बांधकाम थांबणार नव्हतं, जीवाश्म हलवावे लागणार होते. २०११ मध्ये स्मिथसोनियनच्या टीमने ते जिथे पडले होते तिथेच, त्याच स्थितीत थ्रीडीत टिपले, कारण कोण कुणाच्या शेजारी पडलंय यावरूनच ते कसे मेले याचा अंदाज येणार होता. चाकण पट्ट्यात खाणी आणि रस्त्यांच्या कटिंगमध्ये दख्खनच्या बेसॉल्टची पोकळी फुटते आणि आत झिओलाइटचे स्फटिक दिसतात. ते तिथे दोन दिवससुद्धा टिकत नाहीत. वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. अशा पोकळीचे दगड उचलण्याआधी काढलेले साठ फोटो, सोबत पट्टी आणि ठिकाण, ही चांगली नोंद आहे. फक्त परवानगीशिवाय खाणीत उतरू नका आणि कड्याखाली उभे राहू नका.

काय उचलायचं नाही, काय सांगायचं नाही

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ‘मला सापडलं’ हे त्यात कारण चालत नाही. संरक्षित प्राण्यांची हाडं, कातडी, गळून पडलेली सांबराची शिंगं, प्रवाळ घरी आणू नका. फोटो जागेवरच काढा. अभयारण्यातून दगडसुद्धा उचलू नका. संग्रहालयात किंवा संस्थेत नमुना टिपायचा असेल तर लेखी परवानगी घ्या आणि नमुना स्वतः हाताळू नका, तिथल्या माणसालाच फिरवू द्या.

दुर्मिळ प्राणी किंवा वनस्पती असेल तर नेमकं ठिकाण सार्वजनिक करू नका. फोनचे फोटो आत जीपीएस लपवून ठेवतात, मूळ फोटो शेअर करताना ते काढून टाका. अचूक ठिकाण तुमच्या चिठ्ठीत राहू द्या आणि लोकांना फक्त तालुका सांगा.

शेवटचं, मॉडेल तयार झालं म्हणून मूळ फोटो डिलीट करू नका. दोन-तीन वर्षांत सॉफ्टवेअर सुधारतं आणि त्याच शंभर फोटोंतून जास्त चांगली जाळी निघते. मी फसलेल्या पहिल्या शंखाचे फोटो नंतर पार्श्वभूमी पुसून पुन्हा चालवले. या वेळी शंख आला. पट्टी मात्र तेव्हा ठेवलीच नव्हती, त्यामुळे तो केवढा होता हे आज मलाही सांगता येत नाही.